कंबरेचं निमित्त

आमच्या धंद्यात एक शब्द आहे, ‘ठेव’. काच उचलल्यावर दोघांपैकी कुणीही तो उच्चारला, की दुसऱ्यानं काच खाली ठेवायची. का, असं विचारायचं नाही. हात घसरत असेल, डोळ्यात घाम गेला असेल, पायाखाली खडा आला असेल, नाहीतर उगाचच भीती वाटली असेल. कारण सांगून होईपर्यंत काच थांबत नाही. मोठी काच उभीच न्यावी लागते, आडवी धरली तर स्वतःच्याच वजनानं मोडते. उभ्या काचेच्या दोन टोकांना दोन माणसं असतात, आणि एकाचं बिनसलं की दुसऱ्याचं मनगट गेलंच म्हणून समजा. म्हणून हा शब्द. एरवी मी दाजींना अहोजाहो करतो, पण हातात काच असली की मानपान नाही. तिथं तेही ‘ठेव’ म्हणतात आणि मीही ‘ठेव’च म्हणतो.

दाजी म्हणजे माझ्या ताईचे यजमान. मी शिक्षण अर्धवट सोडून घरी माशा मारत बसलो होतो, तेव्हा त्यांनीच मला उचलून दुकानात आणलं. मालकांना म्हणाले, “लग्नात फुकट मिळालाय, बघा काही उपयोग होतो का.” तेव्हापासून आमची जोडी आहे. काच कशी धरायची, कशी कलवायची, खांद्याला कधी टेकवायची नाही, सगळं त्यांनी शिकवलं. आणखी दोन नियमही शिकवले. एक, पडायला लागलेल्या काचेला हात लावायचा नाही, बाजूला व्हायचं. आणि दुसरा, गिऱ्हाइकाच्या घरी संडास कुठंय म्हणून विचारायचं नाही. “आपण काच बसवायला आलोय, पाहुणचाराला नाही,” ते म्हणायचे. आमचे बूट पुट्टीनं माखलेले, हाताला काचेचा चुरा, आणि लोकांची घरं अशी की चालताना जीव मुठीत धरावा. त्यामुळे सकाळी दुकानातून निघताना जाऊन यायचं आणि परत येईपर्यंत दाबून धरायचं. पाणी कमी प्यायचं म्हणजे प्रश्नच नाही. दाजी यात इतके तयार होते की मला त्यांचं कौतुक वाटायचं. चांगल्या कारागिराचंच ते लक्षण आहे, असं मी धरून चाललो होतो.

गेल्या वर्षापासून दाजी फार वेळा ‘ठेव’ म्हणायला लागले.

आधी महिन्यातून एखादवेळा म्हणत असतील. मग रोज, मग एकाच काचेला दोन-दोनदा. काच ठेवली की ते भिंतीकडे तोंड करून उभे राहायचे, कंबरेवर हात, मान खाली. थोड्या वेळानं म्हणायचे, “चल.” मी विचारायचो नाही. नियमच तसा होता आणि तो मोडायचं माझ्या डोक्यात आलं नाही. जिन्यावर ते कायम खालची बाजू घ्यायचे, कारण वजन सगळं खाली येतं आणि काचेची कड मांडीला, ओटीपोटाला दाबून धरावी लागते. आता ते मुकाट्यानं वरची बाजू घ्यायला लागले. मला वाटलं, म्हातारपणाची तयारी चाललीय, मेहुण्याच्या जिवावर. रागही आला. माझ्या नाकावर राग असतो असं ताई म्हणते. असेल.

मालकांनी विचारलं तेव्हा दाजी म्हणाले, “कंबर.” मग काय, सगळं जग कंबरेच्या मागे लागलं. मालकांनी पट्टा आणून दिला. ताईनं गादी बदलली, मलम चोळलं, गरम पाण्याची पिशवी आणली. आईनं फोनवरून लसूण घातलेलं तेल सुचवलं. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, पण ते आम्हाला तेव्हा कुठं ठाऊक होतं. दाजी मुकाट्यानं पट्टा बांधायचे. पट्ट्यानं पोट आवळलं जायचं आणि ते आणखी पिवळे पडायचे.

मग एक दिवस ताईनं मला लाँड्रीत बोलावलं. ती तिथं इस्त्री करते. रस्त्यावरच्या सगळ्या घरांचे कपडे तिच्या हाताखालून जातात, आणि कपड्यांवरून ती माणसं ओळखते, म्हणजे असं तिचं म्हणणं. दुकानात वाफ होती, दुसरं कुणी नव्हतं. तिनं एका शर्टाची कॉलर दाबत, माझ्याकडे न बघता सांगितलं, “तुझ्या दाजींचं बाहेर काहीतरी आहे.”

मी हसलो. ती हसली नाही.

“सुतावरून स्वर्ग गाठू नकोस,” मी म्हटलं.

“सूत? अख्खा दोरखंड आहे,” ती म्हणाली. “बाहेरच्या खोलीत झोपतात. जवळ गेलं की अंग चोरतात. मध्येच उठून जातात, दार लावून बसतात, लवकर येत नाहीत. सिनेमा नको, प्रवास नको, माझ्याबरोबर कुठं जायचं नाव काढलं की नको. आणि कपडे...” तिनं इस्त्री उभी केली. “गावाचे कपडे माझ्या हाताखालून जातात आणि माझा नवरा स्वतःची चड्डी स्वतः धुतो. दार लावून. का धुतो, सांग ना तू.”

“विचारलंस त्यांना?”

“विचारलं. म्हणाले, कंबर. कंबर दुखते म्हणून माणूस वेगळा झोपतो, मान्य. कंबर दुखते म्हणून चड्डी कोण धुतं?”

ताई शर्टाच्या बाह्या घडी करत राहिली. तिची मुलगी शिकायला परगावी गेल्यापासून घरात दोघंच उरले होते, आणि दोघांच्या घरात एक गप्प झाला की दुसऱ्याला भिंतीशीच बोलावं लागतं. “मी बॅग भरलीय,” ती म्हणाली. “शनिवारी दुपारी आईकडे जाते. परत यायचं की नाही ते तिथं गेल्यावर ठरवीन. तुला सांगितलं कारण तू त्यांच्याबरोबर दिवसभर असतोस. मला माहीत नाही ते तुला माहीत असेल, असं वाटलं होतं.”

तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मी निर्धास्त झालो असतो, तो आमच्या घरचा आजार आहे. ती थकली होती. मला आठवतं, मी लाँड्रीतून बाहेर पडलो आणि मनात पहिला विचार आला तो काचेचाच. पडायला लागलीय, हात लावू नये, बाजूला व्हावं. दुसरा विचार आला की ही काच नाही, माझी बहीण आहे.

दुसऱ्या दिवशी आम्ही एका शाळेत होतो. सुट्टी होती, शाळा रिकामी. जिन्याच्या वरच्या वळणावरची खिडकी फुटली होती, तिची काच वर न्यायची होती. जाड काच, दाराएवढी. दाजींनी वरची बाजू घेतली. मी खालून धरली आणि सकाळपासून एक अक्षर बोललो नव्हतो. मनात माझे त्या न पाहिलेल्या बाईला नाक-डोळे लावून झाले होते. अर्धा जिना चढलो आणि दाजी म्हणाले, “ठेव.”

जिन्याच्या मधोमध कुठं ठेवणार? आम्ही खिशात लाकडाचे ठोकळे बाळगतो, वर नमदा, म्हणजे जाड लोकरी कापड, लावलेले, काच जमिनीवर टेकवायला. पण ते काढायला हात कुणाचा मोकळा होता? मी बुटांची टोकं पायरीत रोवली, काचेची कड त्यांच्यावर घेतली आणि काच भिंतीकडे कलवून दोन्ही हातांनी दाबून धरली. दाजींनी वरचं टोक सोडलं आणि ते पायरीवर बसले. बसले म्हणजे दुमडले. दोन्ही हात मांड्यांमध्ये, कपाळ गुडघ्याला टेकलेलं. काचेतून मला ते स्पष्ट दिसत होते. ओठ पांढरे झाले होते.

आणि तेव्हा मी नियम मोडला. “का?” मी विचारलं.



“दाजी, मी विचारतोय, का? आणि कंबर म्हणू नका. कोण आहे ती?”

त्यांनी डोकं वर केलं. “कोण कोण?”

“ताईला सगळं कळलंय. वेगळं झोपता, दार लावून बसता, स्वतःचे कपडे धुता. ती शनिवारी घर सोडून चाललीय. बॅग भरलीय तिनं.”

दाजी काचेतून माझ्याकडे बघत राहिले. मग त्यांना हसू फुटलं. असं हसू मी कुणाचं पाहिलेलं नाही आणि पुन्हा पाहायचं नाही. हसताना ते आणखी दुमडले, हसण्यानंही दुखत होतं. “बाई,” ते म्हणाले. “अरे, बाई कुठली... मला धड मुतता येत नाही.”

मी काच धरून उभा होतो. मला हलता येत नव्हतं, निघून जाता येत नव्हतं, आणि त्यांनाही उठता येत नव्हतं. नाहीतर आमच्यापैकी एकानं पळ काढला असता हे नक्की.

“डाव्या गोटीत दुखतं,” ते पायरीकडे बघत म्हणाले. “वर्ष होऊन गेलं. आधी वाटलं काच लागली असेल. मग सोडेचना. कधी नुसतं ठणकतं, कधी कुणी पिळल्यासारखं होतं, मांडीपर्यंत जातं. बसलो तरी दुखतं. आणि लघवी... आली म्हणून धावावं, तर थेंब-थेंब. झाली म्हणून यावं, तर परत लागते. कधी पोचेपर्यंत राहत नाही. म्हणून धुतो. ती लोकांचे कपडे करते दिवसभर, तिनं माझे तसले...” ते थांबले. “तिनं ते बघायला नको.”

“डॉक्टरकडे गेला होतात ना तुम्ही?”

“गेलो होतो. आपल्या नेहमीच्या दवाखान्यात. दारातच टेबलाशी शेजारच्यांची सून बसते. बाकावर निम्मी गल्ली. तिनं सगळ्यांदेखत विचारलं, काका, काय होतंय? काय सांगू? म्हटलं, कंबर. आत गेलो तर डॉक्टरांपुढं कंबरच लिहून आलेली. त्यांनी पाठ तपासली, गोळ्या दिल्या.” त्यांनी तोंडावरून हात फिरवला. “ताकाला गेलो आणि भांडं लपवून परत आलो.”

“मला सांगायचं होतं.”

“तुला? अवघड जागेचं दुखणं आणि जावई डॉक्टर म्हणतात, तसं माझ्या नशिबी मेहुणा जोडीदार. तुला काय सांगू, की बाबा, तुझ्या बहिणीचा नवरा आता...” पुढचं ते बोलले नाहीत. मलाही ते ऐकायचं नव्हतं, पण मी कान बंद करू शकत नव्हतो, हात काचेला होते.

थोड्या वेळानं ते म्हणाले, “गाठ असणार. मी हात लावून बघितलंच नाही. गाठ असली तर कापतील, नाहीतर म्हणतील उशीर झाला. दोन्ही ऐकायचं नव्हतं मला. त्यापेक्षा कंबर बरी.”

मला त्यांची कीव आली आणि भीतीही वाटली. हा माणूस माझ्या मनगटांचा सांभाळ करत आला होता. मला काही लागलं-खुपलं तर माझ्याआधी त्याला कळायचं. आणि आम्ही दोघं रोज एका काचेच्या दोन बाजूंना असताना त्यानं इतके महिने हे एकट्यानं उचललं. दर वेळी त्यानं मला ‘ठेव’ म्हणून सांगितलं होतं, आणि दर वेळी मी शहाण्यासारखा गप्प राहिलो होतो.

काच आम्ही कशीबशी खाली आणली. त्या दिवशी ती बसवली नाही. गाडीत बसल्यावर दाजी म्हणाले, “ताईला सांगायचं नाही. शपथ घे.”

“घेतो. पण शनिवारी सकाळी तुम्ही माझ्याबरोबर मोठ्या हॉस्पिटलात यायचं. तिथं शेजारच्यांची सून नाही.”

त्यांनी समोरच्या रस्त्याकडे बघितलं. मग मान डोलावली.

हॉस्पिटलात लघवीच्या विकारांचा वेगळा विभाग होता. बाकांवर सगळे पुरुष, आणि प्रत्येक जण असा बसलेला, जणू दुसऱ्या कुणाची सोबत करायला आलाय. कुणी कुणाच्या डोळ्याला डोळा देत नव्हतं. दोनदा उठून दाजी संडासला जाऊन आले. शेजारच्या म्हाताऱ्यानं आपुलकीनं विचारलं, “काय त्रास?” दाजींनी पटकन माझ्याकडे बोट केलं. “ह्याला आहे. मी बरोबर आलोय.” म्हातारा माझ्याकडे सहानुभूतीनं बघायला लागला. मीही मान डोलावली आणि थोडा वाकडा बसलो. ताईसाठी माणसानं काय काय करावं.

आमचा नंबर लागला. आतल्या डॉक्टर एक बाई निघाल्या. दाजी उंबऱ्यातच थबकले, मी पाठीला हात लावून आत ढकललं तेव्हा बसले. बाई पन्नाशीच्या असतील, केस पिकलेले, बोलणं सावकाश. संगणकाकडे न बघता त्यांनी दाजींकडे बघितलं. “बोला. काय होतंय?”

दाजींनी घसा खाकरला. एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा दाराकडे. आणि म्हणाले, “कंबर.”

मला वाटलं, खुर्चीसकट उचलून आपटावं या माणसाला.

“कंबर,” बाई म्हणाल्या. त्या हसल्या नाहीत. “कंबरेचे डॉक्टर वरच्या मजल्यावर बसतात. तुम्हाला तिकडे पाठवू?”

खुर्चीची कड दाजींनी दोन्ही हातांनी धरली होती. ती बोटं मला पाठ आहेत, हातात काच असली की तशीच होतात. ते मान डोलावणार होते. वर जाणार होते, तिथून पुन्हा पट्टा, गोळ्या, आणि दुपारी ताई बॅग घेऊन निघालेली असणार होती. मला समजावता येत नाही, ओरडता येतं. पण ओरडलो नाही. मी हळूच म्हटलं, “ठेव.”

दाजींनी माझ्याकडे बघितलं.

“ठेव,” मी पुन्हा म्हटलं.

डॉक्टर बाईंना काय वाटलं कोण जाणे. पण दाजींची बोटं खुर्चीवरून सुटली. इतक्या वर्षांची सवय, कुणी म्हटलं की ठेवायचं. त्यांनी हात मांडीवर ठेवले, खाली बघितलं आणि सगळं सांगितलं. डाव्या बाजूचं दुखणं, धावत जाणं, थेंब-थेंब होणं, कपडे. शाळेच्या जिन्यात जे सांगितलं त्याहून जास्त सांगितलं. मध्ये आवाज फुटला तेव्हा बाई थांबल्या, घाई केली नाही. मग मला म्हणाल्या, “तुम्ही बाहेर बसा, मी तपासते.”

तपासणी झाली, लघवी दिली, खालच्या मजल्यावर सोनोग्राफी झाली. रिपोर्टसाठी आम्ही एका थंड बोळात बसलो. मी घड्याळाकडे बघायचं टाळत होतो, कारण ताईची लाँड्री सुटायची वेळ झाली होती. मनातल्या मनात माझे दाजींना कितीतरी आजार देऊन झाले होते आणि प्रत्येक आजारात ताई पांढरी पडलेली दिसत होती.

परत आत बोलावलं. बाईंनी आधी तेच सांगितलं जे ऐकायला आम्ही बसलो होतो. “गाठ नाही.”

दाजींनी डोळे मिटले. माझेच भरून आले, खोटं कशाला बोलू.

“जंतूंचा संसर्गही दिसत नाही,” त्या म्हणाल्या. “आता ऐका. अशा दुखण्याला दर वेळी एकच कारण सापडतं असं नाही. पण तपासताना एक जाणवलं. लघवी दाबून धरणारे जे स्नायू असतात, ते तुमचे सारखे आवळलेले आहेत. काम काय करता?”

दाजींनी सांगितलं. पाणी न पिण्याचंही सांगितलं. गिऱ्हाइकाच्या घरचा नियम सांगताना ते थोडे ताठ बसले, अजूनही त्यात त्यांना अभिमान होता.

“मूठ दिवसभर वळून ठेवली तर हात दुखेल ना?” बाई म्हणाल्या. “तसंच हे. धरून-धरून ते स्नायू सोडायचंच विसरलेत. दुखतं मात्र भलत्या ठिकाणी. आणि पाणी न प्यायल्यानं लघवी तीव्र होते, ती मूत्राशयाला आणखी झोंबते. मी गोळ्या देते. स्नायू सैल सोडायचे व्यायाम असतात, ते शिकवणारे इथं आहेत, त्यांच्याकडे यायचं. पाणी प्यायचं. सुरुवातीला ठरलेल्या वेळांना लघवीला जायचं, मग हळूहळू ताबा येतो. काही आठवडे जड उचलायचं नाही. आणि कधी अचानक जोरात दुखलं, सुजलं, तर लाज धरून घरी बसायचं नाही. तडक इथं यायचं.”

“पूर्ण जाईल?” दाजींनी विचारलं.

“कमी होईल. वेळ लागेल. पूर्ण जाईल असं मी आज म्हटलं तर ते खोटं होईल.” त्यांनी पेन खाली ठेवलं. “घरी माहीत आहे?”

दाजींनी माझ्याकडे बघितलं, मी छताकडे.

“गोळ्यांनी जेवढा फरक पडतो ना,” बाई म्हणाल्या, “तेवढाच घरी सांगितल्यानं पडतो, असं माझ्या पेशंटांच्या बाबतीत मी बघितलंय. पुढच्या वेळी त्यांना घेऊन या.”

बाहेर बाकावर तो म्हातारा अजून बसला होता. मला म्हणाला, “झालं का तुमचं?” दाजी त्याच्यासमोर थांबले. “माझं झालं,” ते म्हणाले. “ह्याला काही नाही. हा माझ्याबरोबर आला होता.” म्हातारा थोडा सरकून बसला.

घरी पोचलो तेव्हा दार उघडं होतं आणि बॅग दाराशी उभी होती. ताई बाहेरच्या खोलीत उभी राहून खिडकी लावत होती. अंगावर बाहेर जायचे कपडे. मला जिन्यातूनच परत फिरायचं होतं, पण दाजींनी माझी बाही धरली. “थांब,” ते म्हणाले. मी दाराला पाठ लावून उभा राहिलो.

ताईनं आधी माझ्याकडे बघितलं. “कळलं तुला? कोण आहे?”

“कुणी नाही,” दाजी म्हणाले. “आणि कंबरही नाही.”

मग त्यांनी सांगितलं. डॉक्टर बाईंना सांगितलं तेवढं नीट नाही, अडखळत, मध्येच हॉस्पिटलचा कागद तिच्यापुढं धरत, ती वाचत नव्हती तरी. कपड्यांपाशी आले तेव्हा त्यांनी भिंतीकडे तोंड केलं, कामावर करायचे तसं. ताई उभी होती ती खुर्चीवर बसली. मी तिच्या चेहऱ्यावर सुटकेची वाट बघत होतो. ती काही आली नाही.

“बाई असती तर बरं झालं असतं,” ती म्हणाली. “तिच्याशी भांडता आलं असतं.”

“मी रोज आरशात बघत होते,” ती म्हणाली. “म्हणजे माझ्यात काय बिघडलं ते बघत होते. तोंडाला वास येतो का, लाँड्रीचा वास येतो का अंगाला. दोनदा केस कापून आले. तुम्ही बघितलंही नाही. तुम्हाला चड्डी दाखवायची लाज वाटली, आणि मी इकडे...” तिनं तोंडावर हात ठेवला. ती रडली, आवाज न करता, आणि दाजी तिच्यापासून दोन हातांवर उभे होते, जवळ जावं की नाही ते त्यांना कळत नव्हतं. मलाही सुचत नव्हतं. आमच्या तिघांमध्ये असं बोलायची सवय कुणालाच नव्हती.

मग ती उठली. आत गेली, पेला भरून पाणी आणलं आणि त्यांच्यापुढं धरला. “प्या.”

त्यांनी पेला घेतला. दाजींना दिवसाउजेडी भरला पेला पिताना मी पहिल्यांदाच बघितलं. त्यांच्या गळ्याची गाठ वर-खाली होत होती आणि ताई पेल्याच्या तळाकडे बघत उभी होती, शेवटचा घोट जाईपर्यंत.

पेला ठेवून ते दाराकडे आले. बॅगेजवळ थांबले. ती आत न्यायची की बाहेर, हे त्यांनी विचारलं नाही, मला वाटतं विचारायचं धैर्य नव्हतं. नुसते वाकले आणि बॅगेचा बंद धरला. वाकतानाच चेहरा कळवळला.

“ठेवा ती,” ताई म्हणाली.

दाजींनी लगेच बॅग ठेवली. ते तसेच वाकलेले, हात रिकामे. ठेवा म्हणजे काय ते मलाही कळलं नव्हतं. नियमाप्रमाणे आता कुणी काही बोलायचं नव्हतं.

“का?” दाजींनी विचारलं.

“डॉक्टरांनी जड उचलू नका म्हटलंय ना,” ताई म्हणाली. “माझी आहे. मीच आत नेते.”